यंत्र आपल्या हाती, बटण कुणाच्या?

नवं यंत्र आलं की एक जुनं वाक्य हमखास ऐकू येतं. आता राज्यकर्त्यांची मिरास संपली, आता सामान्य माणूसच राजा! छापखाना आला तेव्हा हे म्हटलं गेलं. तारायंत्र, रेडिओ, कॅसेट, इंटरनेट यांच्या वेळीही म्हटलं गेलं. मी इतिहासाचा विद्यार्थी. असं वाक्य कानावर पडलं की मागं वळून पाहायची मला खोड आहे. म्हणून आज मी तुमच्याशी याच विषयावर बोलणार आहे. यंत्रामुळे सत्ता खरोखर सरकारकडून माणसाकडे सरकते का? सरकत असेल तर नेमकी कुणाकडे? आणि सरकलेली सत्ता तिथं टिकते का?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात मोबाइल आहे. छापखाना, तारऑफिस, रेडिओ केंद्र, कॅमेरा आणि बँक हे सगळं त्या हातभर डबीत सामावलेलं आहे. आपलं बोलणं, आपले पैसे, आपलं हिंडणं-फिरणं सारं तिच्यातून जातं. ती आपल्याला मोकळं करते आहे की बांधून घालते आहे, हे समजायचं असेल, तर तिच्या पूर्वजांची हकिकत ठाऊक हवी.

ही हकिकत तपासताना मी तीन साधे प्रश्न हाताशी ठेवतो. यंत्राचा मालक कोण? ते वापरायला परवानगी कुणाची लागते? आणि ते बंद करायचं बटण कुणाच्या हातात असतं?

सुरुवात तारेपासून करू. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम ओशॉघनेसी नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १८३९ मध्येच तारेतून संदेश पाठवण्याचे प्रयोग केले होते. पुढे लॉर्ड डलहौसीनं त्यांना पाठबळ दिलं आणि १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा अशी तार सुरू झाली. १८५५ च्या फेब्रुवारीत ती जनतेसाठी खुली झाली. पैसे भरले की कुणालाही तार करता येऊ लागली. वरवर पाहता हे लोकांच्या हाती आलेलं साधनच होतं.

त्याची खरी परीक्षा दोनच वर्षांत झाली. ११ मे १८५७ या दिवशी मीरतहून निघालेले शिपाई दिल्लीत शिरले. दिल्लीच्या तारऑफिसातल्या दोन तरुण तारवाल्यांनी ही खबर अंबाल्याला कळवली आणि ते निसटले. अंबाल्याहून ती पंजाबात पोचली. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १३ मेच्या सकाळी इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदी पलटणींना संचलनासाठी बोलावलं आणि त्यांची शस्त्रं काढून घेतली. शिपायांच्या हाती बंदुका होत्या, पण बातमी साहेबाच्या हाती आधी आली होती. बंडवाल्यांनाही तारेचं मोल कळलं. त्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, खांब उपटले. परंतु तार तोडणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं.

तारेचा दुसरा परिणाम अधिक खोलवरचा होता. पूर्वी लंडनला पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागत. त्यामुळे इथल्या गव्हर्नरला बरेच निर्णय स्वतःच्या अकलेनं घ्यावे लागत. १८६५ मध्ये इराणच्या आखातामार्गे आणि १८७० मध्ये मुंबईहून समुद्राखालून तार थेट विलायतेशी जोडली गेली. मग व्हाइसरॉयच्या टेबलावर लंडनहून भारतमंत्र्याचे हुकूम येऊन पडू लागले. ज्या यंत्रामुळे अंतर कमी झालं, त्याच यंत्रामुळे मधल्या माणसाचा अधिकार आटला. सत्ता खाली सरकण्याऐवजी आणखी वर गेली.

सरकारनं हे सगळं कायद्यात पक्कं केलं. १८८५ च्या भारतीय तार कायद्यानं तारयंत्रणा उभारण्याचा एकमेव हक्क सरकारकडे ठेवला. आणीबाणीच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या प्रसंगी संदेश अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकारही घेतला. आपल्या तीनही प्रश्नांचं इथं एकच उत्तर होतं. मालक सरकार, परवानगी सरकारची, बटणही सरकारच्या हाती. या कायद्याचं नाव लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच १८८५ सालच्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. देशाच्या कानाकोपऱ्यातून ७२ प्रतिनिधी आले. रेल्वे आणि तारेशिवाय हे जमणं कठीण होतं. साम्राज्यानं स्वतःसाठी बांधलेल्या वाटेवरून त्याचे विरोधकही चालू लागले होते. यंत्राचा हा गुण आहे. ते बांधणाऱ्याच्या मनात नसलेली कामंही करतं.

आता छापखान्याकडे वळू. तारेसारखं याचं जाळं उभारावं लागत नाही. एक खोली, एक यंत्र, खिळ्यांची पेटी आणि दोन-चार माणसं एवढ्यावर भागतं. म्हणूनच सरकारला त्याची भीती जास्त. १८२३ मध्ये जॉन ॲडम या हंगामी गव्हर्नर जनरलनं बंगालमध्ये वृत्तपत्रांना परवाना सक्तीचा केला. राममोहन रॉय यांनी निषेध म्हणून आपलं ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी पत्रच बंद केलं. १८३५ मध्ये चार्ल्स मेटकाफनं परवान्याची सक्ती उठवली आणि मुद्रक-प्रकाशकानं नाव-ठिकाण जाहीर केलं की पुरे, असा नियम केला. आजही वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक आणि छापखान्याचा पत्ता छापलेला असतो. सहसा कुणी न वाचणाऱ्या त्या ओळीचं मूळ त्या काळच्या नियमांत आहे. ‘छापा, पण कुणी छापलं ते आम्हाला कळलं पाहिजे,’ असा तो सौदा होता.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. पुढच्या पन्नास वर्षांत मराठी पत्रं वाढली, धीट झाली. तेव्हा १८७८ मध्ये लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा आणला. मॅजिस्ट्रेटनं हमी मागायची, मजकूर पसंत पडला नाही तर यंत्रच जप्त करायचं, आणि त्यावर कोर्टात दादही मागायची नाही! इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याची ‘अमृतबझार पत्रिका’ बंगाली सोडून इंग्रजीत निघू लागली. पुढे लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला. मधल्या काळात, ४ जानेवारी १८८१ रोजी, पुण्यात ‘केसरी’ निघाला होता.

‘केसरी’तल्या लेखांवरून १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. त्यांच्यातल्या कितीकांना अक्षरओळख नव्हती. एकानं वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, अशा रीतीनं छापील शब्द त्यांच्यापर्यंत पोचत असे. सरकारनं यावर उत्तर काढलं १९१० च्या प्रेस कायद्यात. नवा छापखाना काढायचा तर ५०० ते २००० रुपये अनामत ठेवा! त्या काळी ही रक्कम लहान छापखानेवाल्याची कंबर मोडणारी होती. तुरुंगापेक्षा हा उपाय स्वस्त होता. आवाज दाबायचा, पण गाजावाजा होऊ द्यायचा नाही.

इथं मला एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. परवानगी मागावी लागते ती केवळ सरकारकडे नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता, असं बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवलं आहे. सरकारशी झुंजून ज्यांनी छापखान्याचं स्वातंत्र्य मिळवलं, त्यांच्या दारातही दुसऱ्या कुणाला थांबावं लागत होतं. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तेव्हा पाक्षिकाला आधार मिळाला. म्हणजे सत्ता सरकारकडून निघाली तरी ती सगळ्यांच्या घरी एकाच वेळी पोचत नाही. वाटेत ज्यांच्याकडे आधीच पैसा, शिक्षण आणि प्रतिष्ठा आहे, त्यांच्या वाड्यावर ती मुक्काम करते.

आता रेडिओ. छापलेला कागद जप्त करता येतो, हवेतला आवाज कसा जप्त करणार? दुसरं महायुद्ध सुरू होताच सरकारनं या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं. हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले आणि त्यांची यंत्रं बंद करायला लावली. ऐकायला हरकत नव्हती, बोलायला बंदी होती.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पहाटेपर्यंत सगळे पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. अशा वेळी मुंबईतल्या काही तरुणांनी गुप्त रेडिओ काढायचं ठरवलं. त्यांच्यात बावीस वर्षांची उषा मेहता होती, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी होते, बाबूभाई खाकर होते. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. राममनोहर लोहिया यांचं मार्गदर्शन होतं. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. ठिकाण विचाराल तर ‘हिंदुस्थानात कुठंतरी’!

या केंद्रानं काय सांगितलं? चितगावचा बॉम्बहल्ला सांगितला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप सांगितला. आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरला ऑगस्टमध्ये जे घडलं आणि त्यानंतर तिथल्या लोकांवर जे अत्याचार झाले, तेही सांगितलं. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं, ते संध्याकाळी हवेतून घरात येत होतं. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून यंत्राचा मुक्काम सारखा हलवावा लागे. आज चौपाटीजवळच्या इमारतीत, तर उद्या आणखी कुठं. यंत्र उचलून नेण्याजोगं लहान होतं म्हणूनच हे शक्य झालं.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीजवळच्या जागेवर धाड पडली. ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका सुरू असतानाच पोलीस आत शिरले, असं उषाबेननी सांगितलेलं आहे. पत्ता लहरींवरून लागला नव्हता. पोलिसांच्या हाती सापडलेल्या एका तंत्रज्ञानं तो सांगितला होता. खटला विशेष न्यायालयात चालला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या येरवड्याला गेल्या आणि १९४६ मध्ये सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं.

केंद्र चाललं उणेपुरे ७८ दिवस. या ७८ दिवसांकडे मी नेहमी आदरानं आणि जरा सावधपणानंही पाहतो. आदर यासाठी, की एका साम्राज्याची मक्तेदारी मूठभर मुलांनी मोडून दाखवली. सावधपणा यासाठी, की ती मोडता आली ती यंत्राच्या करामतीमुळे नव्हे. यंत्र कुठं ठेवायचं, पैसे कुठून आणायचे, बातमी कोण पोचवणार आणि पकडले गेल्यावर तोंड कोण बंद ठेवणार, या सगळ्याला माणसं लागली. केंद्र उभं राहिलं माणसांच्या बळावर आणि बंद पडलं तेही एका माणसाच्या कच खाण्यानं.

आपलं राज्य आलं तेव्हा हवेतल्या लहरी मुक्त झाल्या का? नाही. नभोवाणी सरकारच्याच ताब्यात राहिली. आमच्या पिढीच्या माणसांना आठवत असेल, नुसता रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा परवाना लागे. टपाल कचेरीत दरवर्षी पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत नोंद करून आणायची. आमच्या घरी ती पुस्तिका कपाटात रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेली असे. १९८० च्या दशकाच्या मध्यास हा परवाना गेला. ‘लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही,’ असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला तो फेब्रुवारी १९९५ मध्ये. काँग्रेस रेडिओ बंद पडल्याला तेव्हा बावन्न वर्षं झाली होती. त्यानंतर खासगी एफएम आले, सामुदायिक रेडिओ आले. माणदेशात म्हसवडला २००८ पासून बायाबापड्यांचा आवाज ऐकवणारं केंद्र उभं राहिलं. मात्र परवाने देताना या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा ठेवली गेली नाही. गाणी लावा, शेतीचं सांगा, आरोग्याचं सांगा, बातमी मात्र सांगू नका. दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

बटणाचा प्रश्न स्वतंत्र भारतात सगळ्यांत उघडपणे दिसला तो २५ जून १९७५ च्या रात्री. दिल्लीतल्या बहादूरशहा जफर मार्गावर मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या होत्या, आधुनिक यंत्रं होती. सरकारनं त्या भागाची वीज तोडली आणि यंत्रं जागच्या जागी थांबली. ‘स्टेट्समन’ आणि ‘हिंदुस्थान टाइम्स’ कॅनॉट प्लेसच्या बाजूला होते. त्यांचा वीजपुरवठा वेगळा, म्हणून ते निघू शकले. यंत्र जितकं मोठं आणि तारांना जोडलेलं, तितकं ते बंद करणं सोपं, हा धडा तिथं मिळाला. हातानं फिरवायच्या सायक्लोस्टाइलवर भूमिगत पत्रकं मात्र पुढेही निघत राहिली. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या लहानशा नियतकालिकानं सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७६ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. एका बाजूला साधं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचा आधार, अशा दोन काठ्यांवर तो विरोध उभा होता.

आपल्यासारखी उदाहरणं जगात इतरत्रही आहेत. त्यांतली दोन मला विशेष बोलकी वाटतात. पहिलं रुमानियाचं. तिथल्या चाउसेस्कू राजवटीनं १९८३ मध्ये फर्मान काढलं, की प्रत्येक टंकलेखन यंत्राची पोलिसांकडे नोंद झाली पाहिजे आणि त्याच्या अक्षरांचा नमुनाही दिला पाहिजे. प्रत्येक यंत्राच्या अक्षरांत थोडा फरक असतो. कुठलं पत्रक कुठल्या यंत्रावर टंकलं हे त्यावरून ओळखता येतं. ज्या राज्यकर्त्याला टाइपरायटरची भीती वाटते, त्याला यंत्राची ताकद आपल्यापेक्षा चांगली कळलेली असते.

दुसरं उदाहरण इराणचं. १९७८ मध्ये अयातुल्ला खोमेनी परदेशात होते, आधी इराकमध्ये नजफला आणि ऑक्टोबरपासून पॅरिसजवळच्या एका खेड्यात. रेडिओ-टीव्ही शहाच्या ताब्यात. पण खोमेनींची भाषणं कॅसेटवर उतरवली जात, टेलिफोनवरून ऐकून तेहरानमध्ये ध्वनिमुद्रित होत, एकीच्या दहा आणि दहाच्या शंभर प्रती निघत आणि मशिदींतून, बाजारांतून वाटल्या जात. कॅसेटला परवाना नव्हता, वीज तोडून ती थांबत नव्हती. जानेवारी १९७९ मध्ये शहा देश सोडून गेला आणि १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. सत्ता सरकली यात शंकाच नाही. पण कुणाकडे? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘आयंदेगान’ हे स्वतंत्र बाण्याचं दैनिक बंद करण्यात आलं. कॅसेटची नक्कल हजारो हातांनी केली, परंतु तिच्यावर आवाज एकाचाच होता. ज्या हातांनी नकला केल्या, त्यांच्याकडे सत्ता आली नाही. एका केंद्राकडून ती निघाली आणि दुसऱ्या केंद्रात जाऊन बसली.

मग सत्ता खरोखर माणसाच्या हाती आली, असं एकही उदाहरण नाही का? आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. त्यातलं यंत्र तुमच्या-माझ्या गल्लीतलं आहे. ते म्हणजे झेरॉक्स मशीन.

राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ च्या अखेरीपासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. दुष्काळी कामांच्या हजेरीपटांवर कुणाची नावं आहेत आणि मजुरी कुणाला मिळाली, हे चारचौघांत वाचून दाखवायचं. मेलेल्या माणसांच्या नावांवरही मजुरी उचलल्याचं अशा वाचनांतून उघड होई. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत आश्वासन दिलं, की लोकांना ही कागदपत्रं मिळतील. प्रत्यक्षात हुकूम निघाला तो असा, की कागद पाहा, हवं तर टिपून घ्या, पण छायाप्रत मिळणार नाही! तेव्हा एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर गावात लोक धरण्यावर बसले. चाळीस दिवस धरणं चाललं. झेरॉक्सचं दुकान शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर होतं, एका प्रतीला सुट्टे पैसे पुरत होते. यंत्र होतं, त्यावर सरकारी कागद ठेवण्याचा हक्क नव्हता. १९९७ मध्ये राजस्थान सरकारनं पंचायतीच्या कागदपत्रांच्या छायाप्रती मिळण्याचा हक्क मान्य केला.

महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचं शुल्क आणि एक साधा अर्ज. एखाद्या खेड्यातली बाई ‘या रस्त्यावर किती खडी टाकली’ असं लिहून विचारू शकते आणि साहेबाला साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तारेनं, रेडिओनं, छापखान्यानं जे केलं नाही, ते या अर्जानं केलं. प्रश्न विचारण्यासाठी मागण्याची परवानगीच काढून टाकली. हेही कायमचं आहे असं समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीनं माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्रानं आपल्याकडे घेतला. हक्काला राखण लागते, शेताला लागते तशीच.

आता आपल्या खिशातल्या डबीकडे येऊ. तिच्यामुळे बोलणं सोपं झालं, हे खरंच आहे. उषाबेनना ज्यासाठी घरं बदलावी लागली, ते आज शाळकरी पोरगं अंगणात बसून करतं. पण बोलल्यानंतर काय होतं? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका तरुणीनं फेसबुकवर मुंबईतल्या बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या पसंत असल्याची खूण केली आणि दोघींना अटक झाली. ज्या ‘६६ अ’ कलमाविरुद्धची लढाई त्यानंतर देशभर पेटली, ते कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. मुलींच्या मदतीला फोन आला नाही, राज्यघटना आली.

आणि बटण? ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट आणि फोन बंद झाले. असं दळणवळण तात्पुरतं बंद करण्याचे नियम २०१७ मध्ये केले गेले होते आणि ते आधारले होते कुठल्या कायद्यावर? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या त्याच १८८५ च्या तार कायद्यावर. तारसेवा २०१३ मध्ये संपली, पण तारेचा कायदा इंटरनेटवर राज्य करत होता. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असे हुकूम जाहीर केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. तरी वेगवान इंटरनेट तिथं पूर्णपणे परतलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं जुन्या कायद्याची जागा घेतली. संदेश अडवण्याचे आणि सेवा थांबवण्याचे अधिकार मात्र नव्या कायद्यातही आहेत.

बटण दाबलं म्हणजे सगळं संपतं, असंही नाही. इजिप्तमध्ये २८ जानेवारी २०११ ला सरकारनं जवळजवळ सगळं इंटरनेट तोडलं. तरी लोक रस्त्यावर आलेच आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक पायउतार झाले. पण दोन-अडीच वर्षांतच, जुलै २०१३ मध्ये, लष्करानं पुन्हा सत्ता हाती घेतली. मैदान भरायला फोन उपयोगी पडला, राज्य चालवण्याची घडी बसवायला तो पुरला नाही.

मोबाइलच्या बाबतीत माझ्या तीन प्रश्नांना मला चौथा जोडावा लागतो. हे यंत्र माझ्याबद्दल कुणाला काय सांगतं? ‘दर्पण’ वाचणाऱ्याला ‘दर्पण’ ओळखत नव्हता. काँग्रेस रेडिओला माहीत नव्हतं, की कोण कुठल्या खोलीत कान लावून बसलं आहे. खिशातली डबी मात्र ऐकवते त्याहून जास्त ऐकते. मी कुठं होतो, कुणाशी किती वेळ बोललो, काय विकत घेतलं हे सगळं ती टिपून ठेवते. ते टिपण कंपन्यांकडे जमतं आणि मागितलं की सरकारकडेही जाऊ शकतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, म्हणून निदान भांडायला जागा तरी आहे.

तर मग सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर काय? यंत्रामुळे सत्ता हलते, हे मी मान्य करतो. यंत्र लहान, स्वस्त आणि विनापरवाना असेल तेव्हा ती माणसाच्या बाजूला हलते. तारेसारखं मोठं, एका केंद्राशी जोडलेलं असेल तेव्हा ती केंद्राकडेच जाते. पण ती हललेली स्थिती फार काळ राहत नाही. सरकार जागं होतं, कायदा येतो, अनामत येते, बटण येतं. मधल्या काळात लोक काय करतात, यावर सगळं अवलंबून असतं. त्या फटीतून काँग्रेस रेडिओच्या मुलांनी ७८ दिवस आवाज दिला. त्याच फटीतून ब्यावरच्या मजुरांनी एक हक्क बाहेर काढला आणि तो कायद्यात लिहून घेतला. आवाज विरून गेला, हक्क राहिला. मला या दोहोंत डावं-उजवं करायचं नाही. पहिल्याशिवाय दुसऱ्याची हिंमत येत नाही. पण आपल्या हाती काय उरणार आहे, हे ओळखायचं असेल तर दुसऱ्याकडे पाहायला हवं.

नव्या यंत्राचं कौतुक जरूर करावं. मीही करतो. फक्त ते घरात आणताना चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. मालक कोण, परवानगी कुणाची, बटण कुणाच्या हाती आणि ते माझ्याबद्दल काय सांगतं? उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा अर्ज करता येतो. तो करणारी माणसं गावात आहेत तोवर मला फारशी चिंता वाटत नाही.